काडीवांचून अग्नि : रूडॉल्फ डीझेल याचें चरित्र

डीझेल हा शब्द आमच्या शाळेंतील अगदीं लहान वर्गांतल्या मुलांच्याही तोंडीं असतो. मालमोटार, ट्रॅक्टर, विहिरीवरील पाण्याचें एंजिन, या सर्वांशीं त्याचा संबंध आहे हें त्यांस ठाऊक असतें. परंतु हें मुळांत कोणा तेलाचें नांव नसून एका मनुष्याचें आडनांव आहे, व त्या मनुष्यानें आपल्या उमेदीचीं वर्षें एकाच प्रश्नापायीं वेंचलीं, ही गोष्ट फार थोड्यांस माहीत असते. एंजिन ठिणगीवांचून पेटवावें कसें व त्यांत तेल फवारावें कसें, हा तो प्रश्न. थंडीच्या दिवसांत जुनी डीझेलची पिक-अप गाडी सुरू होत नाहीं म्हणून जो ड्रायव्हर किंवा मिस्त्री तिच्याशीं झटत असतो, तो नकळत याच प्रश्नाशीं झटत असतो. म्हणून त्या पुरुषाचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगावें असें आम्हांस वाटतें.

रूडॉल्फ डीझेल याचा जन्म ता. १८ मार्च १८५८ रोजीं पॅरिस शहरांत झाला. त्याचे आईबाप मूळचे जर्मनींतील बव्हेरिया प्रांताचे. वडील पुस्तकें बांधण्याचा व चामड्याच्या वस्तू करण्याचा धंदा करीत. घरची स्थिति बेताचीच होती. १८७० सालीं फ्रेंच व जर्मन लोकांत युद्ध जुंपलें व पॅरिसमधील जर्मनांस तें शहर सोडणें भाग पडलें. हें कुटुंब लंडनला गेलें, आणि बारा वर्षांच्या रूडॉल्फला ऑग्सबर्ग येथें एका नातलगाकडे शिक्षणासाठीं पाठविण्यांत आलें. हे नातलग गणिताचे शिक्षक होते. आईबापांपासून दूर राहिलेल्या त्या मुलानें अभ्यासांतच आपलें मन रमविलें व आपण इंजिनिअर व्हावयाचें असा निश्चय लहानपणींच केला.

ऑग्सबर्गच्या शाळेंत त्यानें एक लहानसें उपकरण पाहिलें असें सांगतात. काचेची एक नळी व तींत घट्ट बसणारा एक दट्ट्या, एवढेंच तें उपकरण. दट्ट्या झटक्यानें आंत दाबला कीं आंतील हवा इतकी तापे कीं तळाशीं ठेवलेलें सुकें द्रव्य आपोआप पेटे. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें टोक तापतें, हें आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांनीं अनुभविलें असेल. तोच हा नियम. पुढें शिष्यवृत्ति मिळवून रूडॉल्फ म्यूनिच येथील तांत्रिक विद्यालयांत गेला. तेथें बर्फ करण्याच्या यंत्रांविषयीं प्रसिद्ध असलेले प्रोफेसर लिंडे यांच्या व्याख्यानांत त्याला कळलें कीं, वाफेच्या एंजिनांत कोळशाच्या उष्णतेचे शंभर भागांपैकीं सुमारें दहाच भाग कामीं येतात व बाकीचे वायां जातात. ही उधळपट्टी त्या गरीब विद्यार्थ्याच्या मनास फार लागली. विषमज्वरामुळें त्याची शेवटची परीक्षा लांबली. तरी १८८० सालीं तो ती उत्कृष्ट गुणांनीं उत्तीर्ण झाला.

त्यानंतर त्यानें प्रोफेसर लिंडे यांच्या बर्फाच्या कारखान्यांचें काम पॅरिसमध्यें पाहिलें. १८८३ सालीं त्याचा विवाह झाला. त्यास तीन मुलें झालीं. १८९० सालीं तो बर्लिनला गेला. पोटासाठीं बर्फ करणारा हा मनुष्य मनांत मात्र अग्नीचाच विचार करीत होता. १८९२ सालीं त्यानें आपल्या कल्पनेच्या पेटंटसाठीं अर्ज केला, तें पुढल्या वर्षीं मिळालें, व त्याच वर्षीं त्यानें या विषयावर एक पुस्तकही प्रसिद्ध केलें. कल्पना अशी होती : नळकांड्यांत प्रथम केवळ हवा घ्यावयाची, दट्ट्यानें ती अत्यंत दाबावयाची, आणि ती पुरेशी तापली म्हणजे नेमक्या क्षणीं तींत तेल सोडावयाचें. आजच्या डीझेल एंजिनांत हवा आपल्या मूळ आकारमानाच्या सुमारें पंधराव्या ते बाविसाव्या हिश्श्याएवढी दाबली जाते व तिची उष्णता पांचशें अंश सेंटिग्रेडच्याही वर जाते. अशा हवेंत तेल पडलें कीं पेटलेंच. ठिणगी नको, काडी नको.

परंतु कल्पना कागदावर मांडणें निराळें आणि ती लोखंडांत उतरविणें निराळें. ऑग्सबर्ग येथील यंत्रांचा कारखाना व क्रप ही प्रसिद्ध कंपनी यांनीं त्यास साहाय्य दिलें. ता. १० ऑगस्ट १८९३ रोजीं पहिली चांचणी झाली. कारखान्यांतील फिरत्या दांड्यावरून पट्ट्यानें एंजिन फिरविलें व आंत पेट्रोल सोडलें. तोंच मोठा स्फोट होऊन दाब मोजण्याच्या उपकरणाचे तुकडे उडाले. जवळ उभे असलेले लोक थोडक्यांत बचावले. एंजिन स्वतःच्या बळावर चाललें नाहीं. पण ठिणगीवांचून तेल पेटतें एवढें सिद्ध झालें.

त्या चांचण्यांत पहिला दोष दिसला तो दाबाचा. दट्ट्याच्या कडेनें हवा निसटे व ती पुरेशी दाबली जात नसे. आज जुन्या गाडीच्या दट्ट्यावरील रिंगा झिजल्या म्हणजे नेमकें हेंच होतें. थंडींत तर लोखंड गार असल्यामुळें तें हवेची उष्णता शोषून घेतें. त्यांत बॅटरी अशक्त असली कीं एंजिन मंद फिरतें आणि हवेस निसटण्यास व निवण्यास अधिकच अवकाश मिळतो. म्हणूनच पुष्कळ जुन्या गाड्यांत विजेनें तापून लाल होणारा ग्लो प्लग बसविलेला असतो, आणि शहाणा ड्रायव्हर तो तापेपर्यंत थांबून मगच स्टार्टर मारतो.

दुसरा दोष तेलाच्या फवाऱ्याचा. आणि तो पहिल्याहूनही अवघड होता. तेलाची धार पडून भागत नाहीं. त्याचें धुकें व्हावें लागतें, व तेंही दाबलेल्या हवेच्या विरोधास न जुमानतां, क्षणाच्या अल्प अंशांत. डीझेलनें नाना तऱ्हेच्या पिचकाऱ्या करून पाहिल्या. शेवटीं अधिक दाबाच्या हवेच्या झोतानें तेल आंत फुंकण्याची युक्ति त्यास साधली. ता. १७ फेब्रुवारी १८९४ रोजीं एंजिन प्रथमच सुमारें एक मिनिट आपल्या बळावर चाललें. पुढें तीन वर्षें एकेक भाग बदलून, मोजून, पुनः बदलून काम चाललें. १८९७ सालीं म्यूनिचचे प्रोफेसर श्रोटर यांनीं नव्या एंजिनाची रीतसर परीक्षा घेतली, तेव्हां तें तेलांतील उष्णतेचे शेंकडा २६ भाग कामीं आणतें असें ठरलें. साऱ्या यंत्रजगतांत खळबळ उडाली. देशोदेशींच्या कारखानदारांनीं हक्क विकत घेतले. अमेरिकेंतील एका धनिकानें तर एकट्या अमेरिका व कॅनडा यांच्या हक्कांसाठीं दहा लक्ष मार्क दिले. गरिबींत वाढलेला डीझेल एकदम लक्षाधीश झाला.

येथेंच त्याच्या दुःखासही आरंभ झाला. पहिलें विकाऊ एंजिन, साठ अश्वशक्तीचें, १८९८ सालीं केंप्टन गांवच्या आगकाड्यांच्या कारखान्यांत बसविण्यांत आलें. काडीवांचून पेटणारें यंत्र प्रथम काड्यांच्याच कारखान्यांत गेलें, हा एक चमत्कारिक योग होय. परंतु प्रयोगशाळेंत निष्णात लोकांच्या हातीं जें नीट चाललें, तें साध्या कामगारांच्या हातीं वारंवार अडूं लागलें. गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या. कित्येक एंजिनें परत आलीं. डीझेलच्या नांवानें ऑग्सबर्ग येथें काढलेला स्वतंत्र कारखाना फार काळ टिकला नाहीं. टीकाकारांनीं तर हा शोधच त्याचा नव्हे असें म्हणण्यापर्यंत मजल नेली. त्याची प्रकृति ढासळून त्यास आरोग्यगृहांत राहावें लागलें. एंजिनांतील दोष पुढें लाउस्टर या इंजिनिअरनें व ऑग्सबर्गच्या कामगारांनीं एकेक करून दूर केले, आणि १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत डीझेल एंजिनास सर्वोच्च पारितोषिक मिळालें. त्या प्रदर्शनांत एक एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविलें होतें, हें आमच्या शेतकरी पालकांस विशेष वाटेल.

ऑग्सबर्गच्या लोकांची ही दोष शोधण्याची रीतच आजचा चांगला मिस्त्री पाळतो. तो प्रथम धूर पाहतो. स्टार्टर फिरत असतां धुराड्यांतून कांहींच धूर येत नसेल, तर तेल आंत पोहोंचत नाहीं : फिल्टर तुंबला आहे किंवा नळींत हवा शिरली आहे. मग तो फिल्टर पाहतो व हातपंप मारून नळींतील हवा काढून टाकतो. पांढरा धूर आला तर तेल पोहोंचतें पण पेटत नाहीं. तेव्हां ग्लो प्लग, हवेचा दाब व तेल सोडण्याची वेळ हीं तपासावीं. काळा धूर असला तर नोझल फवारण्याऐवजीं ठिबकत असेल, अथवा हवेचा फिल्टर कोंडला असेल. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत एंजिन चालू असतां तो एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित ढिला करून कान देतो. ज्याच्यामुळें आवाजांत फरक पडत नाहीं, त्या नळकांड्यांत दोष आहे असें तो ओळखतो. मात्र नोझलच्या फवाऱ्यापुढें हात कधींही धरूं नये. तें तेल कातडी भेदून आंत शिरतें व मोठा अपाय करतें. हें काम मुलांनीं दुरूनच पाहावें.

यंत्राच्या बाबतींत असा धीर दाखविणाऱ्या डीझेलनें पैशाच्या बाबतींत मात्र तो दाखविला नाहीं. म्यूनिचमध्यें त्यानें भव्य वाडा बांधला, जमिनी व तेलाच्या खाणी यांत पैसा गुंतविला, आणि तो बहुतेक सर्व बुडाला. कामगारांनीं सहकारानें कारखाने चालवावे अशा आशयाचें एक पुस्तक त्यानें १९०३ सालीं लिहिलें, तेंही फारसें कोणीं वाचलें नाहीं. इकडे त्याचें एंजिन मात्र जगभर पसरत होतें. १९१२ सालीं सेलांडिया नांवाचें डेन्मार्कचें मोठें जहाज डीझेल एंजिनांच्या बळावर कोपनहेगनहून बँकॉकपर्यंत गेलें.

ता. २९ सप्टेंबर १९१३ रोजीं अँटवर्प बंदरांत तो इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन या आगबोटींत चढला. रात्रीं सोबत्यांबरोबर भोजन करून तो आपल्या खोलींत गेला. सकाळीं तो तेथें नव्हता. कांहीं दिवसांनीं एका डच बोटीस समुद्रांत एक प्रेत सांपडलें. त्याजवळच्या वस्तू त्याच्या मुलानें ओळखल्या. तो अपघात होता, घात होता, कीं कर्जानें गांजलेल्या मनाचा तोल गेला होता, याचा निर्णय आजवर झालेला नाहीं. त्याचें वय पंचावन्न वर्षांचें होतें.

मोटारीसाठीं लहान एंजिन करण्याचाही त्यानें प्रयत्न केला होता. पण हवेच्या झोताचा जड पंप गाडींत बसविणें कठीण होतें. १९२४ च्या सुमारास डीझेलच्या मालमोटारी रस्त्यावर आल्या, आणि १९२७ सालीं बॉश यांच्या कारखान्यांतून तेल फवारणारे पंप मोठ्या प्रमाणावर बाहेर पडूं लागल्यावर त्यांचा प्रसार झपाट्यानें झाला. आपल्याकडे पुण्याजवळ खडकी येथें १९४६ सालीं किर्लोस्कर ऑईल एंजिन्स हा कारखाना निघाला, व महाराष्ट्रांतील कित्येक मळ्यांवर डीझेल एंजिनाचा आवाज घुमूं लागला. जो फवारा साधण्यासाठीं डीझेल झिजला, तो नीट साधला कीं नाहीं यावरच आजही गाडीचा धूर व आपल्या श्वासांतील हवा अवलंबून आहे.

या चरित्रापासून आमच्या विद्यार्थ्यांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या असें आम्हांस वाटतें. पहिली ही, कीं मोठी कल्पना एका दिवशीं सुचते, पण ती चालूं लागण्यास वर्षें लागतात. आणि गणित चुकलें असतां सर्व पाटी न पुसतां कोणत्या पायरीवर चुकलें तें शोधावें, तसेंच यंत्राचें व जीविताचेंही आहे. दुसरी ही, कीं संकट कितीही मोठें असलें तरी तें एकट्यानें मनांत कोंडून ठेवूं नये. एंजिनाचा दोष डीझेलनें दहाजणांस दाखविला, म्हणून तो दुरुस्त झाला. आपल्या घरच्या अडचणी त्यानें घरच्यांपासूनही लपविल्या, म्हणून त्यांवर कोणालाच उपाय करतां आला नाहीं. पालकांनींही आपल्या मुलांच्या मनांत काय चाललें आहे हें वेळीं विचारावें, एवढीच आमची विनंति आहे.