हाफकिन आणि तो चिमटा

परळच्या हाफकिन संस्थेचं नाव आपण ऐकलेलं असतं, पण ते हाफकिन कोण, हे विचारलं तर बरेचजण गप्प बसतात. म्हणून या अंकात मी त्यांच्याविषयी लिहायचं ठरवलं.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसात एका ज्यू कुटुंबात झाला. पुढे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. दूषित पाण्यावाटे पोटात जाणाऱ्या कॉलऱ्याच्या जंतूवर त्यांनी लस बनवली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले. बंगालात वस्त्यावस्त्यांतून फिरून त्यांनी लोकांना लस टोचली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. उंदरांवरच्या पिसवा तो पसरवतात, हे तोवर सिद्ध झालं नव्हतं. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत हाफकिननी काही महिन्यांत लस तयार केली. १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई पुन्हा स्वतःलाच! पुढच्याच वर्षी आपल्या शेजारच्या हुबळीत हजारो लोकांनी ती लस घेतली.

मग ३० ऑक्टोबर १९०२ चा दिवस आला. पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस दिली होती. बाकीच्या बाटल्यांतून घेतलेल्यांना काहीच झालं नाही. चौकशीत ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनना पदावरून दूर केलं गेलं.

पण साक्षीपुराव्यात एक साधी गोष्ट होती. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर न धरता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळला गेला आणि त्यानेच बूच काढलं गेलं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि त्यांचे बीजाणू एवढ्याने मरत नाहीत. प्रॅक्टिकलला तारेचा लूप लालभडक होईस्तोवर ज्योतीत का धरायला लावतात, ते मला इथे नीट कळलं. लस कितीही चांगली असो, बाटलीपासून सुईपर्यंतची प्रत्येक वस्तू निर्जंतुक नसेल, तर त्याच वाटेने दुसरा जंतू शरीरात शिरतो.

रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू जाहीरपणे मांडली. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले आणि कलकत्त्याला परतले, पण ऐन उमेदीची वर्षं वाया गेली होती. मुंबईची प्रयोगशाळा काही त्यांच्या हाती पुन्हा आली नाही. १९२५ मध्ये मात्र त्याच प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. पुढे पाच वर्षांनी ते स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरी वारले.

मित्रांनो, पुढच्या वेळी सुई घेताना नर्सबाई नवं पाकीट फोडतात, तिकडे जरूर लक्ष द्या. त्या छोट्याशा कृतीत मुलकोवालचा धडा आहे.