चापिंगोचे खानखोजे

मेक्सिको शहरात तिथल्या शिक्षण खात्याची एक जुनी, ऐसपैस इमारत आहे. दिएगो रिव्हेरा या जगद्विख्यात चित्रकाराने १९२०च्या दशकात तिच्या भिंती चित्रांनी भरून टाकल्या. त्यातल्या एका चित्राचा विषय आहे रोजची भाकरी. जेवणाच्या मेजाभोवती माणसे जमली आहेत आणि मेजाच्या शिरोभागी बसलेला एक मनुष्य पाव मोडून वाटायच्या बेतात आहे. हा मनुष्य रिव्हेराने आपल्या एका हिंदी मित्रावरून रंगवला असे सांगतात. तो मित्र म्हणजे वर्धेच्या अर्जनविसाचा मुलगा, पांडुरंग सदाशिव खानखोजे.

आम्हा अमरावतीकरांना वर्धा म्हणजे नदीपलीकडचे गाव. इंग्रजांच्या नकाशात वऱ्हाड वेगळे, नागपूर प्रांत वेगळा, आणि मधून वाहणारी वर्धा नदी ही त्यांची हद्द. पण काळी माती, पऱ्हाटी, ज्वारी आणि एप्रिल-मेचे ऊन दोन्ही काठांवर सारखेच. तेव्हा खानखोज्यांवर थोडा हक्क सांगितला तर नदीपलीकडच्यांनी राग मानू नये.

त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८४चा. वडील कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहून देत. शाळा वर्धेला, पुढचे शिक्षण नागपुरात. काळ टिळकांचा होता. १८९७ साली काँग्रेसचे अधिवेशन आमच्या अमरावतीत भरले, तेव्हा टिळकांचे स्नेही दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते आणि खानखोजे तेरा वर्षांचे. त्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी सशस्त्र क्रांतीची स्वप्ने पाहिली. बहुतेकांची नोकरी-संसारात विरली. खानखोज्यांची विरली नाहीत. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी घर सोडले आणि समुद्रमार्गे अमेरिकेचा पश्चिम किनारा गाठला.

आज अमेरिकेत मुलगा असणे ही आपल्याकडे मिरवायची गोष्ट झाली आहे. त्या काळी तिकडे गेलेल्या हिंदी माणसाचे स्वागत कसे होई, ते बेलिंगहॅम या वॉशिंग्टन राज्यातल्या गावाला विचारावे. सप्टेंबर १९०७मध्ये तिथे जमावाने लाकूड गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदी मजुरांना, त्यांत बहुतेक शीख, त्यांच्या राहत्या जागांतून ओढून काढले आणि गावाबाहेर हाकलले. गोऱ्या मजुरांची तक्रार अशी, की हे लोक कमी पैशात राबतात. परक्याविरुद्धची ही तक्रार जगात कुठेही ऐकू येते. आपल्या महाराष्ट्रातही ऐकू आलेली आहे. असो.

याच मुलखात खानखोजे वावरले. १९०८च्या सुमारास पोर्टलंडमध्ये हिंदी मजुरांची संघटना उभी करण्यात ते होते. कॅलिफोर्नियात एका लष्करी शाळेत त्यांनी शिक्षण घेतले आणि वॉशिंग्टन स्टेट कॉलेजात शेतीशास्त्राचा अभ्यास करून १९१३मध्ये पदवी मिळवली. बंदूक आणि नांगर ही जोडी ऐकायला विचित्र वाटते. मला मात्र ती समजते. लढून देश मिळाला, तर त्या देशातल्या कुणब्याला खायला काय, हा प्रश्न वऱ्हाड-नागपुरातल्या मुलाला पडणारच. त्याच्या लहानपणीच, १८९६-९७ आणि १८९९-१९००मध्ये, इकडे दोन भयंकर दुष्काळ पडून गेले होते.

१९१३ सालीच गदर पक्षाची उभारणी झाली. सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ ही नावे आपण शाळेत वाचलेली असतात. खानखोजे त्याच मंडळींतले. पहिले महायुद्ध सुरू होताच ते तुर्कस्तानमार्गे इराणात उतरले. इंग्रजांच्या फौजेतल्या हिंदी शिपायांत बंडाचा प्रचार करायचा आणि बलुचिस्तानमार्गे हिंदुस्थानात घुसायचे, असा बेत होता. नाव बदलले, वेश बदलला, डोंगरी टोळ्यांत राहिले. बेत फसला. युद्ध संपल्यावर युरोप झाला, मॉस्को झाले. आणि १९२४च्या सुमारास ते मेक्सिकोत पोहोचले, तेव्हा वय चाळिशीला टेकलेले, हाती पैसा नाही आणि मायदेशी परतायची वाट इंग्रजांनी बंद केलेली.

माझ्या दृष्टीने खानखोज्यांचे खरे चरित्र इथे सुरू होते. परदेशी जाणे एक, आणि तिथे रुजणे दुसरे. अमेरिकेतली त्यांची वर्षे मुक्कामाची होती; मन हिंदुस्थानात, पाऊल दाराबाहेर. मेक्सिकोत मात्र ते राहायला आले, कारण दुसरीकडे जायला जागाच उरली नव्हती. अमेरिकेत असताना मेक्सिकन क्रांतिकारकांशी झालेली मैत्री कामी आली आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापकाची जागा मिळाली.

चापिंगो हे मुळात एका माजी राष्ट्राध्यक्षाच्या जहागिरीतले गाव. क्रांतीनंतर सरकारने ते घेतले आणि तिथे शेतकीची शाळा आणली. खानखोजे पोहोचले तेव्हा शाळेचे तिथले बस्तान नवे होते आणि रिव्हेरा तिच्या भिंती रंगवत होता. म्हणजे गाव जुने, पण तिथले जवळजवळ सगळेच नवे. स्थलांतरिताला अशी जागा मिळणे हे भाग्य. जिथे सगळे आधीच ठरून गेलेले असते तिथे पाहुण्याला ओसरीच मिळते. जिथे घर अजून बांधायचे असते तिथे त्याच्याही हातात थापी येते.

स्पॅनिश शिकून त्यांनी त्या भाषेत शिकवले, लिहिले. जेवणाचे म्हणाल तर मक्याची तोर्तिया आणि मिरची. तोर्तिया ही आपल्या भाकरीची सख्खी मावसबहीण, तीही तव्यावरच भाजलेली. आणि मिरची तर आपल्याकडे आली ती मुळात तिकडूनच, पोर्तुगीजांच्या गलबतांतून. ज्या तिखटाशिवाय वऱ्हाडी जेवण घशाखाली उतरत नाही, ते चार-पाचशे वर्षांपूर्वी इथे स्थायिक झालेले परदेशी आहे. आता कोणी तिला गाव विचारीत नाही.

संशोधनासाठी त्यांनी धरले तेही मक्यालाच. मका हा मेक्सिकोचा प्राण. त्याच्या रानटी भावंडाशी, तेओसिन्तेशी संकर करून नव्या जाती काढण्याचे प्रयोग त्यांनी केले. गहू, कडधान्ये, रबर यांवरही काम केले. थंडीच्या कडाक्याला आणि अवर्षणाला टिकतील अशी वाणे शोधली. प्रयोगशाळेतले ज्ञान बांधावर जावे म्हणून शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढण्यात पुढाकार घेतला. क्रांतीने ज्यांना जमीन दिली त्या शेतमजुरांना आता पीक काढायचे कसे, हे शिकवणारा कोणीतरी हवा होता. तीना मोदोत्ती या नामवंत छायाचित्रकार बाईंनी या शाळांची आणि खानखोज्यांच्या मक्याच्या कणसांची छायाचित्रे काढली, ती आज कलासंग्रहांतून जपली जातात. कणसाचे छायाचित्र कलासंग्रहात असावे, याचे मला एक जुना बँकवाला म्हणून फार बरे वाटते.

ऐंशीच्या दशकात मी अकोला जिल्ह्यातल्या शाखांमधून पीककर्जाचे अर्ज तपासले आहेत. हायब्रीड ज्वारीचे पोते घ्यावे की घरचेच बियाणे पेरावे, यावर शेतकऱ्याचा दिवस-दिवस विचार चाले. नव्या वाणावर विश्वास टाकणे म्हणजे परक्या माणसाला घरात घेण्यासारखेच. तिथे शास्त्र सांगून भागत नाही. सांगणारा कोण, तो आपल्यासोबत उन्हात उभा राहतो का, हे पाहिले जाते. मेक्सिकोच्या शेतकऱ्याने समुद्रापलीकडून आलेल्या, वेगळ्या धर्माच्या माणसाकडून पेरणी शिकून घेतली, ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही पदापेक्षा मोठी वाटते.

१९३६मध्ये त्यांनी जाँ सिंदिक या बेल्जियन बाईंशी लग्न केले. वय पन्नाशीपार. वर वर्धेचा, वधू बेल्जियमची, संसार मेक्सिकोत. दोन मुली झाल्या, त्यांची नावे सावित्री आणि माया. पुढे बँकेत परदेशी खात्यांचे काम पाहताना मी एक गंमत टिपली होती. तिकडे स्थिरावलेली आपली मुले वारस म्हणून पोराबाळांची नावे लिहीत, त्यावरून घरातला वारा कुठल्या दिशेने वाहतो ते कळे. मेक्सिकोत जन्मलेल्या मुलीचे नाव सावित्री ठेवणाऱ्या माणसाने काय सोडले होते आणि काय सोडले नव्हते, ते त्या नावातच आहे. याच सावित्री साहनींनी पुढे वडिलांचे चरित्र इंग्रजीत लिहिले. मराठीत वीणा गवाणकरांनी लिहिले आहे. ज्यांना त्यांचे कार्व्हर आवडले त्यांनी खानखोजेही वाचावेत.

देश स्वतंत्र झाल्यावर १९४९मध्ये तेव्हाच्या मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने शेतीच्या पाहणीसाठी त्यांना बोलावले. अमरावती-अकोला तेव्हा त्याच राज्यात होते आणि राजधानी नागपूर. पण ज्या कागदांच्या जोरावर इंग्रजांनी त्यांना बाहेर ठेवले, ते कागद इंग्रजांबरोबर गेले नव्हते. देशासाठी देश सोडलेल्या माणसाला स्वतंत्र देशात शिरताना जुन्या नोंदींचा अडसर आला. कचेरीतली फाईल सरकार बदलले तरी आपले मत बदलत नाही, हे चाळीस वर्षे कचेऱ्यांत काढलेल्या कोणालाही पटेल. अडसर दूर झाला, पाहणी झाली, आणि पन्नासच्या दशकात ते नागपुरात कायमचे राहायला आले.

आता पाळी उलटली होती. चार दशकांहून अधिक काळ बाहेर राहिलेला माणूस परततो, तेव्हा त्याचे गाव त्याच्यासाठी थांबलेले नसते. ओळखीचे चेहरे गेलेले, रस्ते बदललेले. तरुणांना गदर म्हणजे १८५७ एवढेच ठाऊक. मेक्सिकोत प्राध्यापक म्हणून ओळखले जाणारे खानखोजे नागपुरात पुन्हा नवखे झाले. आणि जाँबाई? नवऱ्याने ज्या वयात स्पॅनिश शिकली, साधारण त्याच वयात त्यांना नागपूरचा उन्हाळा शिकावा लागला. खानखोज्यांच्या धाडसांबद्दल पुष्कळ बोलले जाते. एकदा बेल्जियमहून मेक्सिकोला आणि पुन्हा मेक्सिकोहून विदर्भाला घर हलवणाऱ्या या बाईंचे धाडस मला तसूभरही कमी वाटत नाही.

याच काळात दिल्लीत कृषिमंत्री होते आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख. ज्यांच्या नावाने अकोल्याला १९६९मध्ये कृषी विद्यापीठ उभे राहिले, तेच. पंजाबरावही परदेशात शिकले, पण शिकून लगेच परतले. एकाच मुलखातली दोन माणसे, दोघांच्याही डोक्यात शेती. एकाने ती संसदेतून केली, दुसऱ्याने परक्या मातीत.

१९६६ साली मेक्सिकोतून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे भारतात आले. लेर्मा रोहो आणि सोनोरा ही त्या वाणांची नावे. ती तयार झाली नॉर्मन बोरलॉग यांच्या हाताखाली, आणि त्याचे श्रेय खानखोज्यांना देण्याचा मोह आपण टाळावा. त्यांना उसन्या श्रेयाची गरज नाही. पण ते बी इथल्या मातीत पडत होते तेव्हा मेक्सिकोच्या मातीत कैक पेरण्या करून आलेला हा म्हातारा नागपुरात होता. २२ जानेवारी १९६७ रोजी तो गेला. शिवारात तेव्हा गहू उभा असतो. चापिंगोत त्यांचा पुतळा बसला तो २०२२मध्ये.