गरिबांचे कैवारी विल्यम रॅथबोन

इंग्लंड देशातील लिव्हरपूल बंदरात विल्यम रॅथबोन या नावाचे एक धनवान व्यापारी होऊन गेले. त्यांचा जन्म इ. स. १८१९ मध्ये झाला. आजारी गरिबांच्या घरी परिचारिका पाठविण्याची जी पद्धत आज अनेक देशांत चालू आहे, तिचा पाया त्यांनी घातला. म्हणून त्यांचे चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहो.

इ. स. १८५९ मध्ये त्यांची पत्नी वारली. तिच्या शेवटल्या दुखण्यात मेरी रॉबिन्सन नामक परिचारिकेने तिची उत्तम शुश्रूषा केली. आपल्या संपन्न घरातही जिच्यावाचून चालले नाही, ती मदत दरिद्री मनुष्यास कोठून मिळणार, या विचाराने रॅथबोन साहेब व्याकूळ झाले. त्यांनी मेरीबाईंस तीन महिन्यांसाठी नेमून, शुश्रूषेचे साहित्य व पौष्टिक अन्न पुरवून, शहरातील कंगाल वस्तीत पाठविले.

महिनाभरातच बाई रडत परत आल्या. त्या घरांत दुखणे एकटे नव्हते. भूक, घाण, अंथरुणाची वाण, अशी संकटे एकावर एक कोसळलेली होती. हे दुःख पाहवत नाही, आपणांस मोकळे करावे, अशी त्यांनी विनवणी केली. साहेबांनी धीर देऊन मुदत पुरी करावयास सांगितले. मुदत संपली तेव्हा त्याच बाई काम सोडीनात. कारण आशा सुटलेले कित्येक रोगी बरे झाले होते, आणि मोडू पाहणारे संसार सावरले होते.

परंतु शिकलेल्या परिचारिका मिळेनात. तेव्हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंच्या सल्ल्याने साहेबांनी लिव्हरपूलच्या इस्पितळाजवळ परिचारिकांची शाळा काढली. ती १८६२ मध्ये सुरू झाली. मग शहराचे १८ भाग पाडून प्रत्येकात परिचारिका नेमली, आणि रोग्यांस अन्नवस्त्र व बिछाना मिळावा म्हणून देखरेखीस एकेक प्रतिष्ठित बाई दिली. औषध एकीकडे व भाकर दुसरीकडे, असे त्यांनी होऊ दिले नाही. इ. स. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या नावाने या कामासाठी देशव्यापी संस्था निघाली, तिच्या उभारणीतही त्यांनी श्रम घेतले. इ. स. १९०२ मध्ये ते मरण पावले.

वाचकहो, पहिल्या महिन्याच्या अश्रूंवरून हे काम व्यर्थ ठरविले असते, तर केवढी हानी झाली असती! आपणही आजाऱ्यास भेटावयास जातो. तेव्हा त्याचा ताप विचारून उठू नये. चूल पेटली आहे काय, घागरीत पाणी आहे काय, हेही पाहावे.