मेणवलीचा वाडा आणि त्याचे धनी

महाड-पोलादपूरच्या विद्यार्थ्यांस रायगड ठाऊक असतो, प्रतापगडही ठाऊक असतो. परंतु एका थोर मुत्सद्द्याच्या आयुष्यांतील अखेरचा मोठा डाव आपल्याच महाडांत खेळला गेला, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. तो मुत्सद्दी म्हणजे नाना फडणवीस. पोलादपुराहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर गांठावें, पांचगणीवरून पसरणीचा घाट उतरून वाईस यावें आणि तेथून कोसभर पुढें जावें, म्हणजे कृष्णाकांठीं मेणवली गांवांत नानांचा वाडा लागतो. तो वाडा पाहून परततांना त्याच्या धन्याचें चरित्र आमच्या वाचकांस सांगावें असें मनांत आलें. तें येथें थोडक्यांत देत आहों.

वाडा सहा चौकांचा आहे. भिंती जाड, दरवाजे भक्कम, आणि कांहीं दालनांच्या भिंतींवर जुनीं चित्रें अजून दिसतात. मागील बाजूस कृष्णेवर दगडी घाट असून तेथें शंकराचें व विष्णूचें अशीं दोन देवळें आहेत. जवळच एक मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई जिंकली, तेव्हां पोर्तुगीजांच्या उपासनामंदिरांतील ज्या घंटा देशावर आल्या, त्यांपैकीं ही एक होय. तिच्यावर मरियेची आकृति आणि १७०७ हें साल आहे. ज्यांनीं ती येथें टांगली, त्यांनीं ती आकृति घासून टाकिली नाहीं, हें पाहून आमचें मन क्षणभर तेथेंच रेंगाळलें. हल्लीं पुष्कळ लोक हा घाट चित्रपटांत पाहिलेला म्हणून पाहावयास येतात. धन्याची चौकशी त्यांतील थोडेच करितात.

नानांचें मूळ नांव बाळाजी जनार्दन भानू. घराणें कोंकणांतील वेळासचें. त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजीं सातारा येथें झाला. १७५६ सालीं वडील वारले आणि चवदा वर्षांच्या मुलाकडे फडणिशी, म्हणजे राज्याच्या जमाखर्चाची व कागदपत्रांची देखरेख, आली. १७६१ सालीं ते पानिपतच्या संग्रामांत सांपडले. त्या आकांतांत त्यांची आई हरपली आणि ते स्वतः कसेबसे जीव वांचवून परत आले. ही हकीकत त्यांनीं स्वतःच्या हातानें लिहून ठेविली आहे. तारुण्यांतील आपले दोषही त्यांनीं त्यांत झांकले नाहींत. मराठींतील अगदीं आरंभींच्या आत्मचरित्रांत तिची गणना होते.

नाना रणशूर नव्हते. त्यांचें शस्त्र लेखणी. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यांत खून झाला आणि त्यांचे चुलते रघुनाथराव गादीवर बसले, तेव्हां ज्या कारभाऱ्यांनीं त्यांच्याविरुद्ध एकजूट केली, त्या बारभाईंत नाना अग्रगण्य होते. १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर नारायणरावांचा पुत्र सवाई माधवराव जन्मास आला. त्या तान्ह्या बालकाच्या नांवानें नानांनीं राज्य चालविलें, वडगांवास १७७९ सालीं इंग्रजांस नमविलें, १७८२ सालीं सालबाईचा तह झाला, आणि मार्च १७९५ मध्यें खर्ड्यास सर्व मराठे सरदार एका निशाणाखालीं आणून निजामास हार खावयास लाविली.

परंतु राज्याचा जमाखर्च चोख ठेवणाऱ्या या पुरुषाकडून एक हिशेब चुकला, असें आम्हांस वाटतें. सवाई माधवराव एकवीस वर्षांचे झाले, तरी कारभाराच्या किल्ल्या नानांच्याच हातांत राहिल्या. पाळत कडक, मोकळीक थोडी. ऑक्टोबर १७९५ मध्यें तापानें आजारी असतांना ते शनिवारवाड्याच्या सज्जावरून खालीं पडले व लवकरच वारले. तो अपघात कीं जिवाचा कंटाळा, याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. पण पालकानें मुलाचें रक्षण केलें, त्यास राज्य करावयास मात्र शिकविलें नाहीं, हा दोष नानांस टळत नाहीं.

पेशव्यांस पुत्र नव्हता. रघुनाथरावांचे पुत्र बाजीराव गादीवर नकोत, म्हणून नानांनीं खटपट केली. पण पक्ष फिरले. परशुरामभाऊ पटवर्धन आणि शिंद्यांचे कारभारी बाळोबा तात्या एक झाले आणि आपणास धरण्याचा बेत चालला आहे असें वाई येथें नानांच्या कानीं आलें. तेव्हां १७९६ सालीं, वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं, ते सह्याद्रि उतरून महाडास आले. रायगडाचा बंदोबस्त केला, फौज जमविली, आणि मग पुन्हां लेखणी उचलली. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, निजाम, सर्वांशीं येथून बोलणीं सुरू झालीं. प्रत्येकास कांहींना कांहीं देऊं केलें. ऑक्टोबरांत निजामाशीं जो करार ठरला, तो महाडचा तह म्हणून प्रसिद्ध आहे. डिसेंबरांत बाजीराव पेशवे झाले आणि नाना पुन्हां कारभारावर आले.

डाव जिंकला खरा. पण त्याची किंमत पाहा. खर्ड्यास दीड वर्षापूर्वीं जें मिळविलें होतें, तें निजामास परत देण्याचें कबूल करावें लागलें. आणि ज्यांस आयुष्यभर दूर ठेविलें, त्यांच्याच घरीं गादी गेली. वर्षभरानें, ३१ डिसेंबर १७९७ रोजीं, नानांस शिंद्यांनीं दग्यानें धरून अहमदनगरच्या किल्ल्यांत ठेविलें. १७९८ सालीं सुटका झाली. १३ मार्च १८०० रोजीं ते पुण्यास वारले. पुढें १८०२ सालीं यशवंतराव होळकरांनीं पुण्याजवळ पराभव केल्यावर बाजीराव पळाले, ते आमच्या महाडासही आले. तेथून समुद्रमार्गें वसईस जाऊन वर्षाच्या अखेरच्या दिवशीं त्यांनीं इंग्रजांशीं तह केला. ज्या महाडांतून नानांनीं त्यांस गादी मिळवून दिली, त्याच महाडांतून ते स्वातंत्र्य गमावावयास निघाले. १८१८ सालीं पेशवाई संपली.

नानांची विधवा जिऊबाई पुढें मेणवलीस राहिली. वाड्यांतील दप्तर इतिहाससंशोधक दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांच्या परिश्रमानें उजेडांत आलें. त्यांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत गेला. राज्य राहिलें नाहीं, तह राहिले नाहींत; वाडा आणि कागद मात्र राहिले.

आम्हां शिक्षकांस मेणवलीच्या त्या रिकाम्या चौकांत एकच विचार सुचला. मुलास सांभाळणें सोपें, त्याच्या हातीं वेळेवर किल्ली देणें कठीण. विद्यार्थिमित्रहो, तुम्हीं तो वाडा एकदां अवश्य पाहावा. आणि परततांना महाडांत थोडें थांबून, येथें काय मिळालें व काय गेलें, याचा हिशेब स्वतःच मांडावा.