९९९९९९ मध्ये एक मिळवला तर?

पहिल्या वर्षाला सी शिकताना डेटा टाइपचा तक्ता आपण सगळेच घोकतो. १६ बिटचा इंट -३२७६८ ते ३२७६७, अनसाइन्ड असेल तर ० ते ६५५३५. व्हायवात हमखास विचारतात, म्हणून पाठ! पण मर्यादा ही काय चीज आहे, ते मला पुस्तकापेक्षा ब्लेझ पास्कलच्या चरित्रात जास्त नीट समजलं. दाबाच्या एककाला ज्याचं नाव आहे तोच हा पास्कल. १९७० मध्ये निक्लाउस विर्थने आपल्या भाषेलाही त्याचंच नाव दिलं. त्या भाषेत इंटिजरची कमाल किंमत सांगणारा 'मॅक्सइंट' हा तयार स्थिरांक असतो. पास्कलच्या नावाला हे फारच शोभून दिसतं!

त्याचा जन्म १९ जून १६२३ चा, फ्रान्समधल्या क्लेरमाँचा. तीन वर्षांचा असताना आई गेली. वडील एत्येन यांनी मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवलं. सोळाव्या वर्षी पठ्ठ्याने शंकुच्छेदांवर निबंध लिहिला. पुढे वडिलांना रूआँ शहरात कर आकारणीचं काम मिळालं आणि घरात आकड्यांचा ढीग पडला. १२ दनिएंचा एक सोल, २० सोलांचा एक लिव्र. (आपल्याकडेही १९५७ पर्यंत आण्याच्या १२ पै होत्याच की!) असल्या बेरजा करून वडील थकलेले बघायचे, हे पोराला बघवेना. १६४२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो बेरजेचं यंत्र करायला बसला.

चाकं फिरवून आकडे मोजणं सोपं होतं, खरी अडचण होती हातच्याची. सगळी चाकं थेट एकमेकांत अडकवली, तर ९९९९९९ मध्ये १ मिळवताना पहिल्या चाकावरच्या बोटाला बाकीची पाच चाकंही ढकलावी लागणार. पास्कलने प्रत्येक चाकाशी एक छोटं वजन जोडलं, त्याला तो सोतुआर म्हणे. चाक फिरताना वजन हळूहळू उचललं जातं आणि ९ वरून ० वर येताच धाडकन पडून पुढच्या चाकाला एक घर सरकवतं. एक पडलं की दुसरं, मग तिसरं... डिजिटलमधला रिपल कॅरी अॅडर आठवला ना?

आता शेवटच्या चाकाचं काय? त्याचा हातचा घ्यायला पुढे चाकच नाही. तो हरवतो आणि यंत्र ०००००० दाखवतं. हाच ओव्हरफ्लो. गंमत म्हणजे यंत्र शून्यावर आणायची रीतच ही होती: सगळीकडे कमाल आकडा लावा आणि एक मिळवा. हिशेबाच्या यंत्रात दनिएचं चाक १२ घरांचं आणि सोलचं २० घरांचं, म्हणजे प्रत्येक चाकाची मर्यादा वेगळी.

वजनांमुळे चाकं उलटी फिरत नसत, मग वजाबाकी कशी करायची? ५०० मधून १२० काढायचे तर ५०० चा नवाचा पूरक ९९९४९९ लावायचा, त्यात १२० मिळवायचे. येतात ९९९६१९. त्याचा पूरक वाचला की ३८०! पूरक आकडे त्याच नळकांड्यावर दुसऱ्या ओळीत लिहिलेले असत. उलट, १२० मधून ५०० काढले तर याच रीतीने ९९९६२० दिसतात, कारण शून्याच्या खाली जागाच नाही. आपल्या १६ बिटच्या अनसाइन्डमध्ये हेच करून बघा, ६५१५६ येईल. मला तर टूज कॉम्प्लिमेंट इथेच कळला.

हे सगळं सहज झालं नाही. त्याने पन्नासहून जास्त नमुने केल्याचं स्वतःच सांगितलंय. मध्येच रूआँच्या एका घड्याळजीने वरून छान पण आतून निकामी अशी नक्कल केली. ती पाहून पास्कल इतका खचला की त्याने सगळ्या कारागिरांना काढून टाकलं. चान्सलर सेगिए यांनी धीर दिला म्हणून काम पुन्हा सुरू झालं. १६४५ मध्ये त्यांनाच यंत्र अर्पण केलं, १६४९ मध्ये राजाकडून हक्क मिळाला. पण यंत्र महाग, त्यामुळे मोजकीच खपली. ज्या कारकुनांना त्याची गरज होती त्यांना ते परवडणारं नव्हतं, आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यात ते शोभेची वस्तू झालं. मला याचं वाईट वाटतं.

पुढे निर्वात पोकळीचे प्रयोग, १६५४ मध्ये फर्माशी पत्रव्यवहारातून संभाव्यतेचं गणित, मग धर्मचिंतन. प्रकृती मात्र तरुणपणापासूनच ढासळलेली. तरी मार्च १६६२ मध्ये त्याच्या पुढाकाराने पॅरिसात ठरलेल्या मार्गांवर सार्वजनिक घोडागाड्या सुरू झाल्या. भाडं पाच सोल. त्याच वर्षी १९ ऑगस्टला तो गेला, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी. त्याची काही यंत्रं अजून शिल्लक आहेत, पॅरिसच्या आर्ट्स ए मेटिए संग्रहालयात ती बघायला मिळतात.