पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचा जन्म सन १८५८ मध्यें झाला. सन १८७० नंतरच्या दुष्काळांत त्यांचे आईबाप व थोरली बहीण एकामागून एक गेलीं. १८८० त बंधु श्रीनिवास व १८८२ त पति निवर्तले. १८८३ त इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. भोगलेलें दुःख त्यांनीं वायां जाऊं दिलें नाहीं. जी भूक स्वतः सोसली, तिनेंच गांजलेल्या शेंकडों मुलींना १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं आसरा दिला. केडगांवचें मुक्तिसदन त्यांचें घर झालें. १९२१ त एकुलती कन्या मनोरमा वारली. तरी बाईंनीं बायबलाचें भाषांतर पुरें केलें व १९२२ त त्या ख्रिस्तवासी झाल्या. विद्यार्थिमित्रहो, दुःखाचें कारण आम्हांस पुरतें उमगत नसलें, तरी दुःखितांस जवळ करणें आम्हां सर्वांच्या हातीं आहे.