चतुर पंडित

शाळेत संगीताच्या तासाला फळ्यावर स्वर लिहिलेले असतात आणि ते पाहून मुले गाणे बसवितात. यात आज कोणाला नवल वाटत नाही. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी असे काही नव्हते. रागदारी संगीताची विद्या थोड्या घराण्यांच्या हाती होती. उस्ताद ती आपल्या मुलाला किंवा पुतण्याला देत. बाहेरच्या शिष्याने वर्षानुवर्षे सेवा केली, तरी त्याला एखादी चीज मिळे, न मिळे. चिजा लिहून ठेवण्याची चाल फारशी नव्हती. त्यामुळे एखादा थोर गवई निवर्तला, की त्याच्या कंठातील शेकडो चिजांचे भांडारही त्याच्याबरोबर नाहीसे होई. हे भांडार वाचविण्यासाठी एका विद्वान गृहस्थाने प्रौढ वयात पुन्हा विद्यार्थ्याचे जिणे पत्करले. त्यांचे नाव विष्णु नारायण भातखंडे.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी, मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. वडील एका धनिकाकडे नोकरीस होते. त्यांना संगीताची आवड होती. लहानपणी विष्णु बासरी वाजवीत असे. पुढे त्याला सतारीचा नाद लागला आणि वल्लभदास नावाच्या गुरूंजवळ त्याने त्या वाद्याचे शिक्षण घेतले. मात्र त्या काळी गाणेबजावणे हा प्रतिष्ठित घरातील मुलाचा व्यवसाय समजला जात नसे. तेव्हा इतर हुशार मुलांप्रमाणे विष्णुनेही महाविद्यालयाची वाट धरली. १८८७ साली ते कायद्याची पदवी मिळवून वकील झाले.

वकिली चालू असताही संगीताचा व्यासंग सुटला नाही. मुंबईत पारशी गृहस्थांनी चालविलेली ‘गायनोत्तेजक मंडळी’ नावाची संस्था होती. भातखंडे १८८४ सालीच तिचे सभासद झाले होते. तेथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांनी शेकडो ध्रुपदे घेतली. इतर उस्तादांकडून ख्याल घेतले. दिवसा कोर्टातील कागदपत्रे आणि उरलेल्या वेळात संगीतावरील जुने संस्कृत ग्रंथ, असा त्यांचा क्रम असे. या अभ्यासात त्यांच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. ग्रंथ एक सांगत आणि गवई दुसरेच गात. एकाच रागात एक गवई एखादा स्वर वर्ज्य मानी, तर दुसरा तोच स्वर आवर्जून घेई. असे का, हे विचारले तर घराण्याची रीत, यापलीकडे उत्तर मिळत नसे. वकिलाचे मन पुराव्यावाचून स्वस्थ कसे बसणार? खरे काय, ते शोधून काढण्याची ओढ त्यांना लागली.

इतक्यात त्यांच्या संसारावर घाला आला. १९०० साली पत्नी वारली आणि १९०३ साली एकुलती मुलगीही गेली. घर सुने झाले. अशा प्रसंगी कोणीही खचून गेला असता. भातखंड्यांनी आपले दुःख गिळले, वकिलीतून अंग काढून घेतले आणि उरलेले सारे आयुष्य संगीताला वाहिले. १९०४ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, ते वह्या घेऊन दक्षिणेच्या प्रवासाला निघाले. ज्या वयात मनुष्य इतरांना चार गोष्टी शिकवू लागतो, त्या वयात हे गृहस्थ शिकावयास निघाले होते.

मद्रास, तंजावर, मदुरा, रामेश्वर अशी गावे त्यांनी पाहिली. तेथील ग्रंथालये धुंडाळली. पंडितांच्या घरी जाऊन त्यांना नम्रपणे प्रश्न विचारले. एट्टयपुरम् येथे सुब्बराम दीक्षित या विद्वानांची भेट झाली. सतराव्या शतकात व्यंकटमखी नावाच्या पंडिताने रागांची बहात्तर मेळांत मांडणी केली होती, तिची सविस्तर माहिती भातखंड्यांना या प्रवासात मिळाली. दक्षिणेत जे झाले, ते उत्तरेच्या संगीतात का होऊ नये, असे त्यांच्या मनाने घेतले. पुढे १९०७ साली नागपूर, कलकत्ता, पुरी, हैदराबाद आणि १९०८ साली काशी, मथुरा, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर असे त्यांचे दौरे झाले. प्रत्येक भेटीची हकीकत ते रोजनिशीत लिहून ठेवीत.

हे काम सोपे नव्हते. एका पदवीधर वकिलाने गवयापुढे शिष्य म्हणून बसावे, हे समाजाला रुचणारे नव्हते. उलट, वही घेऊन आलेला हा मनुष्य आपली पिढीजात ठेव घेऊन जाईल, अशी भीती गवयांना वाटे. ती अगदीच निराधार होती, असेही म्हणता येणार नाही; कारण ही विद्या हेच त्यांच्या पोटाचे साधन होते. म्हणून कोणी भेट नाकारी, तर कोणी उडवाउडवीची उत्तरे देई. भातखंड्यांनी मात्र धीर सोडला नाही. ज्याच्यापाशी विद्या असेल त्याचे शिष्यत्व पत्करावयाचे, हा त्यांचा बाणा होता. जयपूरचे वृद्ध गायक महंमद अली खाँ यांच्या घराण्यातील सुमारे तीनशे चिजा त्यांनी मिळविल्या. आवाज टिपून घेणारे फोनोग्राफ हे यंत्र तेव्हा नवे होते. त्याचाही त्यांनी या कामी उपयोग केला. रामपूर दरबारातील विद्या मिळविण्यासाठी पन्नाशी उलटल्यावरही ते तेथे शिष्यभावाने गेले. प्रसिद्ध बीनकार वझीर खाँ याच दरबारात होते.

मिळविलेली विद्या त्यांनी पेटीत कुलूप लावून ठेवली नाही. प्रत्येक चीज कागदावर उतरता यावी म्हणून त्यांनी सोपी स्वरलिपी सिद्ध केली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, खालच्या सप्तकातील स्वराखाली टिंब व वरच्या सप्तकातील स्वरावर टिंब, इतक्या साध्या खुणांनी काम भागले. उत्तर हिंदुस्थानातील रागांची त्यांनी बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी व तोडी या दहा थाटांत मांडणी केली. १९०९ च्या सुमारास त्यांचा ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ निघाला. त्यावर त्यांनी आपले नाव न घालता ‘चतुर पंडित’ असे टोपणनाव घातले. ‘हिंदुस्थानी संगीतपद्धति’ हा चार भागांचा ग्रंथ त्यांनी मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादरूपाने लिहिला. ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत सुमारे अठराशे चिजा स्वरलिपीसह आल्या आहेत.

विद्या सर्वांना मिळावी, तर शाळा हव्यात. १९१६ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने अखिल भारतीय संगीत परिषद भरली. त्यामागे भातखंड्यांचीच खटपट होती. १९१८ साली ग्वाल्हेर येथे माधव संगीत महाविद्यालय निघाले. तेथील शिक्षक त्यांनी स्वतः तयार केले. १९२६ साली लखनौस मॅरिस कॉलेज सुरू झाले. तेच पुढे भातखंड्यांच्या नावाने प्रसिद्ध झाले आणि त्याचे आता विश्वविद्यालय झाले आहे. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी तेथे अनेक वर्षे अध्यापन करून गुरूंचे कार्य पुढे चालविले.

भातखंड्यांची सर्वच मते विद्वानांना मान्य झाली, असे नाही. काही राग दहा थाटांत नीट बसत नाहीत, असे पुष्कळांनी दाखवून दिले आहे. लिहिलेले स्वर म्हणजे गाण्याचा केवळ सांगाडा. त्यात प्राण ओतावयाचा तर गुरूच हवा, हेही खरेच आहे. परंतु तो सांगाडा जपला गेला म्हणूनच कितीतरी चिजा आज गाता येतात.

१९३३ साली पंडितजींना अर्धांगवायू झाला. त्यानंतर त्यांचे दिवस अंथरुणावरच गेले आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या मागे मूलबाळ नव्हते. परंतु उत्तर हिंदुस्थानी संगीत शिकताना स्वराखाली रेघ ओढणारा प्रत्येक विद्यार्थी, मग तो दहा वर्षांचा असो की साठ वर्षांचा, त्यांच्याच विद्येचा वारस आहे.